अमेरिकेत हायस्कूलमधल्या सीटीई (करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन, म्हणजे व्यावसायिक शिक्षण) कोर्सचं कॉलेज क्रेडिट आपोआप मिळतं का?

नाही, नुसती ए ग्रेड आली म्हणून मिळत नाही. अकाउंटिंग, वेल्डिंग, नर्सिंग असिस्टंट अशा व्यावसायिक कोर्सचं क्रेडिट सहसा हायस्कूलचा एखाद्या कम्युनिटी कॉलेजशी (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजशी) आर्टिक्युलेशन करार, म्हणजे हायस्कूलचा कोर्स कॉलेजच्या कोर्सइतका धरण्याचा करार, असेल तरच मिळतं. त्यातही बहुधा किमान बी ग्रेड किंवा कॉलेजची परीक्षा लागते, आणि अनेक ठिकाणी मुदतीत वेगळी नोंदणीही. ही मुदत चुकली तर वर्षभराची मेहनत क्रेडिटविना जाते, म्हणून सत्र सुरू होतानाच कौन्सेलरना भेटा. कोर्स ड्युअल एन्रोलमेंटचा (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजातही नाव नोंदवून केलेला) असेल तर मात्र क्रेडिट थेट कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर येतं. फक्त, चार वर्षांची विद्यापीठं हे क्रेडिट अनेकदा मेजरमध्ये (मुख्य विषयात) न धरता इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून धरतात, कधी नाकारतातही. तेव्हा तुमच्या मुलाला किंवा मुलीला जिथे जायचंय तिथे आधीच विचारा.