फ्रीकॅडमध्ये (संगणकावर थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) दाराचा पल्ला काढताना धारा आधी गोल कराव्यात की पट्ट्यांचे जोड काढल्यावर? आणि जोड मॉडेल करणं खरंच गरजेचं आहे का?

जोड काढल्यावर. आणि हो, जोड काढायचाच. ज्याला तो नको त्याने फक्त चित्र काढावं, त्यावरून लाकूड कापू नये.

मी हे तावातावाने लिहितोय, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात अजून वाद आहे. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात. बाबा सुतार. गावातल्या देवळाच्या दारासाठी बल्लारपूर डेपोचं सागवान आणलं होतं. नागपूरचा माझा चुलतभाऊ ड्रॉइंगचं काम करतो. तो म्हणाला, दादा, मी काढून देतो, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, कापून आणू. त्याने प्रत्येक पट्टी वेगळी काढली, सगळ्या धारांना आधीच ६ मिमीचा फिलेट (धार गोल करायची आज्ञा) दिला आणि मग जोडाच्या खाचा मारल्या. स्क्रीनवर दार देखणं दिसत होतं.

तुकडे आले. बाबांनी एक जोड कोरडाच बसवून पाहिला. टेनन, म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाची जीभ, खाचेत बरोबर गेला, पण पुढून पाहिलं तर त्या पट्टीचा खांदा (जिभेच्या बुडाशी टेकणारा भाग) चौकोनी आणि उभ्या पट्टीची धार गोल. दोन्ही भेटतात तिथे पट्टीच्या पूर्ण रुंदीभर तिकोनी फट. प्रत्येक जोडावर तेच. भाऊ म्हणाला, "पुट्टी मारून टाका ना, काका." बाबा म्हणाले, "देवाच्या दाराले पुट्टी? काहून?" ६ मिमी गोलाई घालवायची तर धारेवरून तेवढं लाकूड रंधून टाकावं लागतं, मग पल्ला चौकटीत ढिला बसतो. शेवटी उरलेल्या लाकडातून उभ्या पट्ट्या त्यांनी हाताने नव्याने केल्या. भाऊ आजही लग्नाकार्यात भेटला की सांगतो, गोलाई हा नुसता दिसण्याचा भाग आहे, सुतारानं जागेवर सांभाळायचा असतो. मला हे अजिबात पटत नाही. गोलाई जोडाला भिडते, म्हणून ती जोडाचाच भाग आहे.

खरी अडचण अशी की उभ्या पट्टीची आतली धार खाच मारल्यावरही अखंडच राहते, कारण खाच त्या बाजूच्या मधोमध असते, कोपऱ्याला लागत नाही. म्हणून फिलेट अख्खी लांबी गोल करतो, आडवी पट्टी टेकते तिथलीसुद्धा. तिथे फिलेट वापरूच नका. गोलाईचा आकार स्केचमध्ये काढा आणि दोन आडव्या पट्ट्यांमधल्या लांबीपुरताच पॉकेटने (स्केचच्या आकाराने कापायची आज्ञा) कापा. बाहेरच्या मोकळ्या धारांना फिलेट चालेल, पण तो ट्रीमध्ये, म्हणजे मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत, सगळ्यात शेवटी. फिलेट धारेचा क्रमांक धरून बसतो. आधी दिला आणि मागचं स्केच बदललं, की जुन्या आवृत्त्यांत तो भलत्याच धारेवर जायचा. २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅड १.० पासून हा त्रास बराच कमी झाला, तरी क्रम सोडू नका. १८ मिमीच्या फळीला दोन्हीकडून ९ चा फिलेट बहुतेकदा फसतो, ८.९९ द्या.

टेनन जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवा. खाचेत गोंदासाठी दोन्ही बाजूंना ०.१ मिमी मोकळीक द्या आणि ती संख्या स्प्रेडशीटमध्ये एकाच जागी लिहा. सीएनसीवर कापणार असाल तर ६ मिमीच्या बिटने (मशीनचं फिरतं पातं) खाचेचा आतला कोपरा ३ मिमी गोलच येतो, स्क्रीनवर चौकोनी असला तरी. मग एकतर टेननची टोकं गोल करा, नाहीतर कोपरे पटाशीने काढा. बाबा पटाशीच घेतात, मीही तेच सांगेन.

गिऱ्हाईकाला फक्त दाखवायचं असेल तर यातलं काही करू नका, दोन ठोकळे भिडवा. दार पूर्ण हाताने करणार असाल तर पल्ला बसवल्यावर रंध्याने आणि पटाशीने धार मोडतात, तेव्हा मॉडेलमध्ये गोलाई नसली तरी चालते. स्केचअप या दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांचं वेगळं आहे, तिथे गोलाई मुळात तुकड्यातुकड्यांची असते आणि धारा गोल करायला बहुतेक जण प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) वापरतात.

आणि सुताराला ड्रॉइंग देताना गोलाई सुतांतही लिहा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ६ मिमी म्हणजे जवळपास २ सूत. ती कुठे सुरू होते आणि कुठे थांबते ते बाणाने दाखवा. भावाच्या ड्रॉइंगवर नेमकं तेवढंच नव्हतं.