फुटबॉलमध्ये एकच माणूस खेळाडू आणि मॅनेजर कसा असायचा? जुन्या काळातलं एखादं स्कॉटिश उदाहरण सांगाल का?

नाव एकच घेतो: जॉन कॅमरन. मी बरीच वर्षं रात्री जागून स्पर्सचे, म्हणजे त्याच्या टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या क्लबचे, सामने बघतो, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.

आधी 'मॅनेजर' या शब्दाबद्दल. आज सीमारेषेवर हातवारे करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, तसं तेव्हा काही नव्हतं. मॅनेजर म्हणजे मुळात क्लबचा चिटणीस. पत्रव्यवहार, सामने ठरवणं, खेळाडू शोधून त्यांच्या सह्या घेणं, आगगाडीची तिकिटं काढणं, गेटवरचा हिशोब ठेवणं ही त्याची कामं. बदली खेळाडूची सोयच नव्हती, त्यामुळे सामना सुरू झाला की बाहेर बसलेल्याच्या हातात काही उरायचं नाही. तेव्हा चिटणीस स्वतःच मैदानात उतरला तर उलट फायदाच. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांत मालकच नायकाची भूमिका करायचा आणि रात्री गल्लाही मोजायचा, तसंच हे.

कॅमरनचा जन्म १८७२ चा, एअर गावचा. ग्लासगोच्या क्वीन्स पार्ककडून खेळला आणि १८९५ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टनमध्ये आला, तोही सुरुवातीला हौशी म्हणून. पोटापाण्यासाठी कुनार्ड या जहाज कंपनीत कारकुनी करायचा. स्कॉटलंडकडून एकच सामना खेळला, १८९६ मध्ये आयर्लंडविरुद्ध. खेळाडू म्हणून चांगला फॉरवर्ड, पण खेळाडू म्हणूनच राहिला असता तर आज मी त्याच्यावर लिहीत नसतो.

१८९८ मध्ये खेळाडूंनी पहिली संघटना काढली, असोसिएशन फुटबॉलर्स युनियन. तिचा चिटणीस झाला कॅमरन. दुखणं असं होतं की फुटबॉल लीगमधल्या क्लबने एकदा खेळाडूची नोंद केली की त्याला सोडायचं की नाही हे क्लबच ठरवायचा, आणि विकायचाच झाला तर सौदा दोन क्लबांमध्ये. ज्याची विक्री होतेय त्याला कोणी विचारायचं नाही. संघटना फार टिकली नाही, १९०१ पर्यंत संपली. पण त्या निमित्ताने कॅमरनला हे नियम आतून-बाहेरून पाठ झाले असणार, असं माझं मत. त्यातली फटही त्याला दिसली असणार: हा ताबा फक्त लीगच्या क्लबांपुरता चालायचा. दक्षिणेकडच्या क्लबांची सदर्न लीग वेगळी. तिकडे जाणाऱ्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला छदामही द्यावा लागत नसे.

आणि १८९८ मध्येच तो गेला कुठे? सदर्न लीगमधल्या टॉटनहॅम हॉटस्परमध्ये! १८९९ च्या सुरुवातीला तिथला मॅनेजर फ्रँक ब्रेटल पोर्ट्समथला निघून गेला आणि २६ वर्षांच्या कॅमरनकडे खेळाडू, मॅनेजर आणि चिटणीस ही तिन्ही कामं आली. त्याच वर्षी क्लब नव्या मैदानावर गेला, तेच पुढचं व्हाइट हार्ट लेन. मग माणसं जमायला लागली. प्रेस्टनहून बचावपटू सँडी टेट, एव्हर्टनहून आयरिश विंगर जॅक कर्वन, पोर्ट्समथहून सँडी ब्राउन. १९०० मध्ये सदर्न लीगचं विजेतेपद मिळालं, आणि पुढच्या वर्षी एफए कप, म्हणजे लीगमधल्या आणि लीगबाहेरच्याही क्लबांसाठी असलेली इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा.

त्या कपबद्दल थोडं सैल लिहू द्या. पहिल्याच फेरीत समोर प्रेस्टन. बरोबरीनंतरच्या फेरसामन्यात स्पर्स ४-२ ने जिंकले. मग आधीच्या वर्षीचा विजेता, बरी नावाचा क्लब. उपांत्य सामन्यात वेस्ट ब्रॉमविचवर ४-०, चारही गोल ब्राउनचे. २० एप्रिल १९०१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर अंतिम सामना, शेफील्ड युनायटेडशी, १ लाख १० हजारांवर प्रेक्षक. स्पर्स २-१ ने पुढे असताना गोलकीपर क्लॉलीच्या हातून चेंडू निसटला. लाइन्समनने कॉर्नर दाखवला, रेफ्रीने गोल दिला. सामन्याचं चित्रीकरण झालं होतं आणि त्यात चेंडूने रेषा ओलांडलेली दिसत नाही! व्हीएआरवरून (व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासण्याच्या आजच्या पद्धतीवरून) भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. २-२.

फेरसामना आठवड्याने बोल्टनला. रेल्वेने स्वस्त तिकिटं दिली नाहीत, प्रेक्षक जेमतेम वीस हजार आले आणि गावातल्या दुकानदारांनी भाजून ठेवलेल्या 'पाय' (सारण भरलेल्या पेस्ट्र्या) ढिगांनी पडून राहिल्या. मध्यंतराला स्पर्स ०-१ ने मागे. बरोबरीचा गोल केला मॅनेजरसाहेबांनीच. मग स्मिथ, मग ब्राउन, ३-१. ब्राउनचे त्या मोसमातल्या कपमधले गोल झाले १५. लीग १८८८ मध्ये सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या क्लबने हा कप जिंकल्याचं आजवरचं हे एकमेव उदाहरण. अकरांपैकी पाच स्कॉटिश, दोन वेल्श, एक आयरिश, इंग्लिश फक्त तीन. कपाला रंगीत फिती बांधायची पद्धतही त्याच विजयानंतर स्पर्सने पाडली असं सांगतात.

पुढे तेवढी चमक राहिली नाही. १९०७ मध्ये संचालकांशी मतभेद होऊन कॅमरनने राजीनामा दिला. स्पर्स लीगमध्ये गेले १९०८ साली, तेव्हा तो क्लबमध्ये नव्हता.

नंतर तो जर्मनीत ड्रेस्डेनला प्रशिक्षक झाला आणि १९१४ मध्ये महायुद्धाने त्याला तिथेच गाठलं. बर्लिनजवळच्या रुलेबेन इथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ब्रिटिश नागरिकांची छावणी होती, राहायला तबेले. तिथे त्याच्याबरोबर स्टीव्ह ब्लूमर, फ्रेड पेंटलंड, सॅम वोल्स्टनहोम आणि जॉन ब्रिअर्ली हे इंग्लिश फुटबॉलपटू. ब्रिअर्ली तर स्पर्समध्ये कॅमरनच्याच हाताखाली खेळलेला. मे १९१५ मध्ये छावणीत इंग्लंड विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. ते चौघे इंग्लंडकडून, आणि 'जगा'चा कप्तान ४३ वर्षांचा कॅमरन. कैद्यांनी छावणीत स्वतःची फुटबॉल असोसिएशनही काढली होती. चिटणीस कोण, हे सांगायला नकोच.

सुटल्यावर एक मोसम त्याने गावच्या एअर युनायटेडला सांभाळलं, मग वर्तमानपत्रांत लिहीत राहिला. १९३५ मध्ये ग्लासगोत वारला.