किनाऱ्यावरच्या गैरसोयींबद्दल पहिला अर्ज करताना

एका अर्जात एकच गोष्ट मागा. शौचालय, दिवे, कचरा सगळं एकत्र लिहिलंत तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. आधी जागा कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा; वाळू, धक्का आणि रस्ता बहुधा वेगवेगळ्या खात्यांकडे असतात.

फोटो भरतीचे आणि ओहोटीचेही काढा, तारखेसकट. सांडपाण्याच्या नळाचं तोंड भरतीत बुडतं, मग पाहणीला आलेल्यांना काहीच दिसत नाही. पाहणीची वेळ ओहोटीचीच मागा, हे मी आग्रहाने सांगेन. खाऱ्या हवेत लोखंडी कठडे फार लवकर गंजतात, म्हणून नुसत्या रंगरंगोटीवर समाधान मानू नका. पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि अर्ज हंगामाच्या बराच आधी द्या. ऐन गर्दीत खोदकाम कोणी काढत नाही.