मोतीच्या भातात मीठ

प्रश्न : आमचा मोती गावठी कुत्रा, 15 किलोचा. भात-मासळी खातो, कधी खारा बांगडाही. मिठाने केस गळतात म्हणे. मीठ बंद करू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : केस गळतायत तर आधी पिसवा, गोचीड, खरूज बघा. सोडियम मोतीलाही लागतंच, पण ताज्या मासळीतून ते मिळतं. आपल्यासारखा त्याला अंगभर घाम येत नाही. वरून मीठ कशाला? मला काळजी वाटते ती खाऱ्या बांगड्याची. तो आजच बंद करा, पापड-लोणचंही. त्याच्या वजनाला साधारण 30 ग्रॅम मीठ एकदम पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते : उलट्या, थरथर, झटके. आणि ओकारी काढायला मिठाचं पाणी कधीही, कुणीही सांगितलं तरी, पाजू नका! त्याने कुत्री दगावतात. पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा.