स्ट्रिंगरसाठी लाकूड: ऐन, साग की मरीन प्लाय?

तुमचा प्रश्न असा आहे: २० फुटी सेकंडहँड फायबर बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, फ्लोअर पायाखाली दबत होता म्हणून कापला तर खाली स्ट्रिंगरचा, म्हणजे फ्लोअरखाली लांबीने जाणाऱ्या आधाराच्या दांड्यांचा, पार भुगा झालेला. सुतार म्हणतोय ऐन घाला, भाऊ म्हणतोय साग, दुकानदार म्हणतोय मरीन प्लाय. माझं मत आधीच सांगून टाकतो, प्लाय घ्या, पण खरा आयएस ७१० या भारतीय मानकाचा, आणि १२ मिमीचे दोन थर इपॉक्सी रेझिनने एकमेकांना चिकटवून. आता का ते सांगतो.

सुतार चुकीचं सांगत नाहीये, तो लाकडी होडीचं सांगतोय. लाकडी होडीत सगळा भार लाकूडच घेतं, खिळ्यांवर बसतं, चारी बाजूंनी वारा लागतो, तिथे ऐनासारखं जड टणक लाकूड हवंच. फायबर बोटीत तेच लाकूड रेझिनच्या आवरणात कायमचं बंद होणार आणि त्याने वरच्या काचेच्या फायबरला घट्ट धरून राहायचं असतं. त्यामुळे इथे टणकपणाला फार किंमत नाही. लाकूड सुकं पाहिजे, रेझिन त्याला धरलं पाहिजे आणि ओल-सुकीत ते फार फुगता-आकसता कामा नये. ऐन वाळताना फाटतो, फुगतो पण जोरात, आणि आतून फुगणारं लाकूड वरचं फायबर उचकटतं. वजनही बघा, २ बाय ६ इंची, ५ मीटर लांबीचे चार स्ट्रिंगर ऐनाचे केले तर १२० किलोच्या आसपास जातात, डग्लस फरचे (पाइनसारखं हलकं इंपोर्टेड लाकूड) ७५ च्या आसपास. हे ४५ किलो तुम्ही कायम वाहणार आणि त्याचं पेट्रोल भरणार.

साग सहजासहजी कुजत नाही हे खरं. पण तो ज्या तेलामुळे टिकतो तेच तेल रेझिनला धरू देत नाही, साध्या पॉलिएस्टर रेझिनला तर अजिबातच नाही. अ‍ॅसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावलं तर चिकटतो, पण जे लाकूड कोणाला दिसणारही नाही त्यासाठी एवढे पैसे घालू नका. साग वर रेलिंगला लावा, शोभेल.

सॉलिड लाकूडच हवं असेल तर डग्लस फर, सरळ रेषांचा, गाठी नसलेला. मोठ्या वखारीत इंपोर्टेड मिळतो. पॅकिंगच्या पाइनच्या नादी लागू नका, आणि आंबा तर नकोच, त्याला बुरशी लगेच धरते.

प्लायचं म्हणाल तर फळीवर मरीन छापलंय यावर जाऊ नका. आयएस ३०३ हा साधा कमर्शियल प्लाय, आयएस ७१० हा मरीन. आयएसआय मार्कखाली सीएम/एल नंबर असतो तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा, लायसन कोणाचं ते कळतं. मग शीट कापून कड बघा, मधल्या थरात पोकळी दिसली तर ती शीट परत. एक हातभर तुकडा घेऊन आठ-दहा तास उकळवा, स्टँडर्डमधली टेस्ट तर ७२ तासांची आहे, त्यामुळे दहा तासांत थर सुटायला लागले तर तो माल काय लायकीचा ते समजा. आणि एक लक्षात ठेवा, मरीन प्लायचा गोंद पाण्याला टिकतो म्हणजे लाकूड कुजणारच नाही असं नाही. पाणी आत गेलं तर तोही जाणार.

प्लाय ८ फुटी मिळतो, स्ट्रिंगर त्याहून लांब, म्हणून दोन थर. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या अखंड भागावर आला पाहिजे, दोन्ही सांधे समोरासमोर कधीच नको.

आता ओलावा, माझ्या मते लाकडाच्या जातीपेक्षा हे मोठं आहे. १२ टक्क्यांच्या आत ओल असल्याशिवाय लाकूड बंद करू नका. मीटर नसेल तर एक छोटा तुकडा कापून लगेच वजन करा, मग ओव्हनमध्ये १०० डिग्रीच्या थोडं वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. ११२ ग्रॅमचा १०० झाला तर ओल १२ टक्के, ११८ चा १०० झाला तर थांबा, अजून वाळू द्या. बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, बोट वर ओढली की दुरुस्ती काढायची पद्धत आहे, जाळ्यांना इंजिनाला ते ठीक आहे, पण त्या दिवसांत कोकणात छपराखालचं लाकूडसुद्धा १८ टक्क्यांच्या आसपास जातं आणि हवेतल्या दमटपणाने इपॉक्सीवर चिकट थर येतो. हे काम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतच करा.

रेझिन इपॉक्सीच घ्या, महाग पडतं तरी. जुन्या वाळलेल्या पॉलिएस्टरला आणि लाकडाला, दोघांनाही तेच नीट धरतं. फक्त त्यासोबत फायबरवाल्याकडची नेहमीची चॉप्ड मॅट (काचेच्या तुकड्यांची चादर) आणू नका, तिचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट कडक राहते, कोपऱ्यात बसत नाही. शिवलेलं बायअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन दिशांनी तंतू असलेलं, काचेचं कापड घ्या.

बसवताना सगळे स्ट्रिंगर एकदम कापू नका, हलचा, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाचा, आकार जातो. बोट खालून चांगली टेकवून एकेक काढा, जुन्याच्या उंचीचा पुठ्ठ्याचा साचा आधी काढून ठेवा. लाकूड हलला थेट टेकवायचं नाही, खाली ४-५ मिमी जागा सोडून ती घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायची, नाहीतर लाट आपटली की तिथेच हल चिरतो. वरच्या धारा रंध्याने गोल करा, काच काटकोनात वळत नाही, धारेवर हवा राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. कापड हलवर दोन्ही बाजूंना ४ ते ६ इंच उतरवा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे.

तुमचे जुने स्ट्रिंगर कुजले ते बहुतेक फ्लोअरच्या स्क्रूंमुळे आणि पाणी वाहायच्या भोकांमुळे, लाकडाच्या जातीमुळे नाही. समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकडाला जास्त कुजवतं, आणि ते वरून त्या स्क्रूंमधूनच उतरतं. म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, वाळलं की मधोमध स्क्रूचं भोक पाडा. पाणी जायच्या भोकांत पीव्हीसी पाइपचा तुकडा फायबरने बसवून टाका.

आणि लाकूड आणायच्या आधी ट्रान्समला, म्हणजे इंजिन बसतं त्या मागच्या उभ्या भिंतीला, आतल्या बाजूने, खालच्या भागात दोन-तीन ठिकाणी ५ मिमीचं बिट मारून बघा. कोरडा फिकट भुसा आला तर ठीक, काळपट ओला चुरा आला आणि आंबूस वास मारला तर इंजिनाचा सगळा भार घेणारी ती फळीही गेलीय, मग प्लाय दोन्हींचा हिशोब करूनच आणा.