काळ्या जिभेची

"ताई, मी खरंच काळ्या जिभेची आहे का हो?" स्क्रीनवर आल्या आल्या तिने विचारलं. टोरांटोत सकाळ, माझ्याकडे पुण्यात दिवेलागण. (समुपदेशनातली गोष्ट; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

घर घ्यायचं चाललं होतं. तिकडे गृहकर्जाचा दर बहुधा दर पाच वर्षांनी नव्याने ठरतो. "तेव्हा हप्ता वाढला आणि नेमकी तुझी नोकरी गेली तर?" एवढंच ती म्हणाली. तिकडेच वाढलेला नवरा म्हणाला, "चिल! सगळं मस्त होईल." सासूबाई पुण्याहून फोनवर, "अगं, वास्तू तथास्तु म्हणत असते. शुभ बोलावं."

बोलणं दोघांचं एकच, पण सासूबाईंना संकट येऊ शकतं हे पक्कं ठाऊक होतं. फक्त ते तोंडाने उच्चारायचं नाही. पोस्टात गुपचूप पैसे साठवणारी बाई ती!

चूक माझीही झाली. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिही, असं मी सांगितलं. दोन आठवड्यांत तिची झोप आणखी उडाली. "लिहिताना वाटतं, हेही जाणार."

मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी 1980 मध्ये दाखवलं, की अमेरिकन विद्यार्थ्यांना वाईट गोष्टी आपल्यापेक्षा इतरांच्याच वाट्याला येतील असं वाटतं. हाइने आणि लेहमन यांनी 1995 मध्ये कॅनडातले आणि जपानी विद्यार्थी ताडून पाहिले, तर जपान्यांत हा भरवसा बराच कमी. म्हणजे नवऱ्याची बेफिकिरी हे काही निरोगीपणाचं माप नव्हे. काही माणसं वाईटाची कल्पना करूनच तयारीला लागतात, त्यांना बळेच निश्चिंत केलं की त्यांचं काम बिघडतं, हे ज्युली नोरेम यांचं म्हणणं तर माझ्याच चुकीवर बोट ठेवणारं.

अर्थात प्रत्येक काळजी अशी कामाची नसते. ती पहाटे तीनला नुसती कूस बदलत असे. म्हणून वहीत डावीकडे 'तर?' आणि उजवीकडे 'मग'. नोकरी गेली तर? मग सहा हप्ते आधीच बाजूला. पुण्यात आई पडली तर? मग शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली. किल्ली त्याच आठवड्यात पोचली.

शेवटच्या भेटीत तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. डावीकडे वेगळंच, गिचमिड अक्षर: 'बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तर?' उजवी बाजू कोरी.

"ती मी भरणार नाहीये," ती म्हणाली.