वाचकांचे प्रश्न : थ्री नॉट थ्री की एसएलआर?

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढले. थ्री नॉट थ्रीसारखी रायफल पुन्हा झाली नाही, असे ते शेवटपर्यंत म्हणत. १९७१ च्या युद्धात एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे पुढची गोळी आपोआप चढवणारी रायफल) वापरलेले माझे चुलते मात्र, त्याच रायफलीमुळे १९६२ मध्ये आपले जवान हकनाक गेले, असे सांगतात. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे?
– एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखे घरोघरी फौजी असलेले गाव आहे, तेथे हा वाद अनेक घरांत झाला असेल. दोघेही अनुभवाचे बोलत आहेत. नोकरीची बरीच वर्षे शस्त्रागारात काढल्यामुळे या दोन्ही रायफली मी अनेकदा उघडल्या आणि जोडल्या आहेत, आणि थ्री नॉट थ्रीचे गुण व तिचे बहुतेक दोष एकाच रचनेतून आलेले आहेत, हे माझे मत त्यातूनच बनले आहे.

१९०७ पासून प्रचारात आलेल्या आणि पुढे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागलेल्या या रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, पुढच्या टोकाला न अडकता मागच्या बाजूला अडकतो. त्यामुळे त्याला मागेपुढे कमी अंतर जावे लागते, मूठ ट्रिगरच्या अगदी जवळ येते आणि ती सुमारे ६० अंश फिरवली की बोल्ट सुटतो, तर जर्मन मॉझर रायफलीची मूठ ९० अंश फिरवावी लागत असे. शिवाय काडतुसावर आघात करणाऱ्या फायरिंग पिनची स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, म्हणून तो उघडताना हाताला जोर लागत नाही. मॉझरच्या पाच गोळ्यांच्या तुलनेत हिच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावत. ३०० यार्डांवरील लक्ष्यावर मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या झाडण्याचा सराव ब्रिटिश सैनिकाकडून करून घेतला जाई, तो याच बोल्टच्या बळावर. आपल्या आजोबांच्या मनात राहिला तो हा वेग असावा.

मात्र मागे अडकणारा बोल्ट गोळी सुटताना किंचित दबतो आणि काडतुसाचे पितळ ताणले जाते. दुसरी गोष्ट काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेल्या कडेची. या कडेमुळे चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची जागा) थोडे सैल ठेवले तरी काडतूस आपल्या जागी नीट बसते आणि चिखल किंवा धूळ गेली तरी रायफल चालत राहते. पण घाईत मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर ऐन वेळी गोळी अडकते. वरचे काडतूस पुढे आहे की नाही हे बोटाने चाचपून पाहण्याची सवय जुन्या उस्तादांनी जवानांना लावली होती, ती उगाच नव्हे.

तिसरा दोष आपल्या भागातील माणसाला लगेच समजेल. या रायफलीची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात बसवलेली असते. महाबळेश्वर किंवा जावळीच्या पावसात आठवडाभर वागवली, तर लाकूड फुगून नळीवर दाब देते आणि नेम सरकतो. म्हणून लाकडाला जवसाचे तेल नेमाने चोळावे लागे. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळाल्यावर नळीत क्षार उरत, ते हवेतील ओल धरत आणि एका रात्रीत गंज चढे. त्यावर नळीतून कढत पाणी ओतायचे आणि मग पुलथ्रूने, म्हणजे नळी साफ करण्याच्या दोरीने, तेलाची चिंधी ओढायची, एवढाच उपाय होता. ज्या जवानाने हे केले त्याला ती रायफल वर्षानुवर्षे साथ देई. ज्याने केले नाही त्याला ती दगा देई, आणि नाव मात्र रायफलीचे खराब होई.

आता चुलत्यांच्या मुद्द्याकडे येतो. १९६२ मध्ये चिनी सैनिकांच्या हातात एका दाबाला एक गोळी आपोआप सुटणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफली होत्या आणि आपला जवान प्रत्येक गोळीनंतर गोठलेल्या बोटांनी बोल्ट ओढत होता. मोठ्या संख्येने चालून येणाऱ्या शत्रूपुढे हा फरक जीवघेणा होता, हे मान्यच केले पाहिजे. तरीही सारा दोष रायफलीवर टाकणे मला पटत नाही. गरम कपडे, दारूगोळा, तोफांचा आधार आणि रस्ते यांपैकी कशाचीही पूर्तता नसताना दुसरी रायफल हाती असती, तरी चित्र पूर्ण पालटले नसते. लडाखमधील रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीने जी झुंज दिली, ती याच थ्री नॉट थ्रीने.

एसएलआर ही बेल्जियन रायफलीवरून ईशापूरलाच बनवली गेली. सुटलेल्या गोळीमागच्या वायूचा काही भाग पिस्टन मागे ढकलतो आणि पुढची गोळी आपोआप चढते, त्यामुळे नजर लक्ष्यावरून हलत नाही. मॅगझिन वीस गोळ्यांचे आणि ७.६२ मिलिमीटरच्या गोळीचा मार दूरवर जबर. पण ती लांब आहे, रिकामीच चार किलोंहून जड आहे आणि खांद्याला चांगलाच धक्का देते. पिस्टनकडे किती वायू जावा हे ठरवणारे रेग्युलेटर काजळी धरल्यावर पुन्हा जुळवावे लागते. ते विसरले की ती बोल्ट रायफलीसारखी एकेक गोळीची होऊन बसते. दोष असूनही, केवळ लढाईचे हत्यार म्हणून निवड करायची झाल्यास मी चुलत्यांच्या बाजूने कौल देईन.

प्रश्न : आमच्या शाळेत एनसीसीच्या कवायतीसाठी जुन्या थ्री नॉट थ्री आहेत. त्यांवर ‘डीपी’ असे कोरलेले आहे. त्याचा अर्थ काय?
– एक शिक्षक, मिरज, जि. सांगली

उत्तर : ‘ड्रिल पर्पज’, म्हणजे केवळ कवायतीसाठी. झिजलेल्या किंवा सदोष रायफली गोळीबारासाठी बाद ठरवून, बहुधा नळीला छिद्र पाडून किंवा फायरिंग पिन निकामी करून, कवायतीला दिल्या जात. कितीही ठणठणीत दिसली तरी अशा रायफलीत काडतूस घालणे म्हणजे ती आपल्याच तोंडावर फुटण्याला निमंत्रण आहे. मुलांना हे पहिल्याच तासाला सांगावे.